उपाशीपोटीची रक्तशर्करा : आकडा कसा वाचावा?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी शिक्षणावर, शिष्यवृत्त्यांवर किंवा नोकरीधंद्यावर भाषण होते. यंदा चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली आणि मी उपाशीपोटी होणाऱ्या रक्ताच्या तपासणीचा विषय घेतला, याचे काही जणांना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. उभे आयुष्य मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवले. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की कोणी कोणते औषध घ्यावे, गोळी अर्धी घ्यावी की पूर्ण, यातले काही मी सांगणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा आहे. तपासणीचा जो कागद आपल्या हाती पडतो तो वाचायचा कसा, एवढेच मला सांगायचे आहे. हे काम विज्ञानाच्या मास्तराचे आहे, आणि एकदा तेच माझ्या हातून नीट झाले नाही. म्हणून तर हा विषय घेतला.

हकीकत १९९४ सालची आहे. माझे थोरले भाईजान तेव्हा कुवेतला नोकरीला होते. आदल्या वर्षी सुट्टीवर आले असताना त्यांना वरचेवर तहान लागे, रात्री दोन-तीनदा उठावे लागे. इथे तपासणी केली तेव्हा उपाशीपोटीची साखर २०६ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितले आणि भाईजान परत गेले. काही महिन्यांनी त्यांचे पत्र आले. त्यात लिहिले होते, ‘इथे पुन्हा रक्त तपासले. उपाशीपोटीची शुगर ११.४ आली आहे. अम्मीला सांग, काळजी करू नको.’

पत्र मोठ्याने वाचले गेले आणि घरात काळजीच पसरली. दोनशेसहावरून एकदम अकरा! अम्मी म्हणाली, ‘गोळ्यांनी पोराच्या अंगातली सगळी साखर ओढून घेतली. चक्कर येऊन रस्त्यात पडला तर परमुलखात त्याला कोण उचलणार?’ भाभीने विचारले, ‘तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हीच सांगा काय ते.’ मी पत्र हातात घेतले, आकडा पाहिला आणि भाईजानना उत्तर लिहिले की साखर फारच उतरलेली दिसते, गोळ्या तूर्त बंद ठेवा, सुट्टीवर आलात की पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, मी शाळेत मोठा कडक परीक्षक म्हणून प्रसिद्ध होतो. गणिताचे उत्तर बरोबर असले पण पुढे एकक लिहिलेले नसले तर मी अर्धा गुण कापत असे. ‘बारा म्हणजे काय? बारा आंबे की बारा मैल?’ असे मुलांना वर्गात उभे करून विचारत असे. आणि माझ्या सख्ख्या भावाच्या रक्ताचा आकडा समोर आला तेव्हा ‘अकरा पूर्णांक चार म्हणजे अकरा पूर्णांक चार काय?’ हे विचारायचे मला सुचले नाही.

ते ११.४ मिलिमोल होते. आपल्याकडच्या हिशेबाने सुमारे २०५ मिलिग्रॅम. म्हणजे साखर मुळी उतरलेलीच नव्हती, जिथे होती तिथेच होती. आठ महिन्यांनी भाईजान आले ते लंगडत. बुटाने पायाला फोड आला होता आणि तो भरून येत नव्हता. पुढे त्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून हा धडा मी भेटेल त्याला शिकवत आलो आहे. आज तो तुमच्यापुढे मांडतो.

मिलिग्रॅम म्हणजे काय?

आपण जे खातो, मग ती भाकरी असो, भात असो की खजूर, त्यातल्या पिष्टाची आणि साखरेची शेवटी बहुतेक ग्लुकोज नावाची साखर होते. ती रक्तातून सर्व अंगाला पोचते. मेंदूला तर तिची क्षणोक्षणी गरज असते. ती पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच साचून राहते. यालाच आपण मधुमेह म्हणतो.

आता ही साखर किती आहे ते मोजायचे. आपल्या देशातील प्रयोगशाळा ती ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ या एककात सांगतात. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, अर्थात १०० मिलिलिटर. चहाचा एक लहान कप डोळ्यांपुढे आणा. तेवढ्या द्रवात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे, तो हा आकडा. रिपोर्टात ‘१००’ असेल तर १०० मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, म्हणजेच एका लिटरमध्ये १ ग्रॅम.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. म्हणजे निरोगी माणसाच्या सबंध रक्तात उपाशीपोटी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज खेळत असते. हा जवळजवळ एक चहाचा चमचा झाला! एवढ्याशा साखरेचा तोल शरीर रात्रंदिवस सांभाळत असते. तो दुप्पट झाला तरी बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तर मोजावे लागते.

मिलिमोल कुठून आले?

दुसरे एकक ‘मिलिमोल प्रति लिटर’. नववी-दहावीच्या मुलांनी ‘मोल’ ही संकल्पना शिकलेली आहे, त्यांनी आता वडीलधाऱ्यांना समजावून सांगायचे. वजनाने मोजणे ही एक रीत, रेणूंच्या संख्येने मोजणे ही दुसरी. बाजारात लिंबे नगावर घेतात आणि कांदे किलोवर, तसाच हा प्रकार. मोल म्हणजे रेणूंचा एक ठरावीक, फार मोठा नग.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. कार्बनचे ६ गुणिले १२ म्हणजे ७२, हायड्रोजनचे १२, ऑक्सिजनचे ६ गुणिले १६ म्हणजे ९६. बेरीज १८०. म्हणून एक मोल ग्लुकोजचे वजन १८० ग्रॅम, आणि एक मिलिमोलचे १८० मिलिग्रॅम. एका लिटरात १ मिलिमोल असेल तर त्या लिटरात १८० मिलिग्रॅम आहेत, आणि लिटरच्या दहाव्या भागात, म्हणजे डेसिलिटरमध्ये, १८.

झाले, हाच तो अठराचा पाढा. मिलिमोलला १८ ने गुणा, मिलिग्रॅम मिळतील. मिलिग्रॅमला १८ ने भागा, मिलिमोल मिळतील. भाईजानचे ११.४ गुणिले १८ करून पाहा, २०५.२ येतात. हा गुणाकार पाचवीतला मुलगा करील. तो न केल्याने आमच्या घरात काय झाले ते मी सांगितलेच आहे.

एकाच गोष्टीला दोन मापे कशाला, असा प्रश्न पडेल. मोजमापांत सर्व जगाने एक भाषा बोलावी म्हणून १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली. पुढे १९७७ साली जागतिक आरोग्य परिषदेने वैद्यकशास्त्रानेही ती स्वीकारावी अशी शिफारस केली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत मिलिमोल रूढ झाले. भारत, अमेरिका, जपान येथे मिलिग्रॅमच चालू राहिले. आपल्या वाडवडिलांना हे नवे नाही. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पण आठ आणे आणि पन्नास पैसे कितीतरी वर्षे बाजारात जोडीने बोलले जात होते. दोन्ही एकच रक्कम आहे हे ज्याला ठाऊक होते त्याची फसगत होत नसे.

आपल्या समाजाला तर ही दोन्ही मापे येणे फार जरुरीचे आहे. कोकणातील मुसलमान घरे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आली आहेत. कोणी दक्षिण आफ्रिकेत, कोणी ब्रिटनमध्ये, कोणी आखातात. तिकडचा कागद इकडे येतो, इकडचा तिकडे जातो. पूर्वी पत्रातून जात असे, आता मोबाइलवर फोटो जातो. कित्येक घरांत मुलगा परदेशातून अब्बांसाठी भेट म्हणून साखर मोजण्याचे यंत्र घेऊन येतो आणि ते मिलिमोलचे असते. पडद्यावर ९ दिसते आणि अब्बा म्हणतात, ‘दहाच्या आत आहे, अल्लाचे आभार!’ ९ गुणिले १८ म्हणजे १६२ झाले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. यंत्राच्या पडद्यावर आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एकक लिहिलेले असते. आज घरी गेल्यावर ते आधी पाहा.

ओळखण्याची एक ढोबळ खूण देतो. आकडा एक-दोन अंकी असून पुढे दशांश असेल, जसे ५.४ किंवा ११.४, तर तो बहुधा मिलिमोलचा. तीन अंकी असेल, जसे १०५ किंवा २१०, तर मिलिग्रॅमचा. पण खूण ती खूण. खात्री एककावरूनच करावी. आणि वीस-पंचविसाच्या आसपासचा आकडा दिसला तर गणित करत बसू नये. २५ मिलिग्रॅम असतील तर साखर जीवघेणी उतरली आहे आणि २५ मिलिमोल असतील तर ती ४५० वर गेली आहे. दोन्ही प्रकारांत आधी दवाखाना, मग गणित.

सात, सात आणि सात

याहून मोठा घोटाळा ‘सात’ या आकड्याचा आहे. एक जण म्हणतो, माझी शुगर सात. दुसरा म्हणतो, माझीही सात. दोघे आपापले पथ्य एकमेकांना सांगू लागतात. पण एकाचे सात हे उपाशीपोटीचे ७ मिलिमोल, म्हणजे १२६ मिलिग्रॅम. दुसऱ्याचे सात हे एचबीएवनसी या तपासणीचे ७ टक्के.

ही तपासणी निराळी आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते. किती टक्के हिमोग्लोबिनला ती चिकटली आहे यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम. त्या दिवशी सकाळी काय खाल्ले याने तिच्यात फरक पडत नाही, म्हणून ती उपाशीपोटी करावी लागत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह समजतात. मात्र रक्तक्षय असेल तर हा आकडा चकवू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तात्पर्य, ‘सात’ एवढेच सांगणारा माणूस काहीच सांगत नसतो. सात काय, आणि कोणत्या तपासणीचे, हे दोन्ही हवे.

उपाशीपोटी म्हणजे किती उपाशी?

आता दुसरा शब्द, ‘उपाशीपोटी’. आठ तास किंवा त्याहून जास्त वेळ ज्यात अन्न आहे असे काहीही पोटात गेलेले नसणे, असा त्याचा अर्थ आहे. पाणी चालते, किंबहुना प्यावे. पण साखर घातलेला अर्धा कप चहा चालत नाही, बिनसाखरेचा दुधाचा चहाही चालत नाही, कारण दुधातही साखर असते. ‘चहाच घेतला होता, खाल्ले काही नाही’ असे सांगून रक्त देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा आकडा उपाशीपोटीचा नव्हे. उलट रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत उपाशी राहणेही योग्य नाही. रात्री नेहमीसारखे जेवावे, सकाळी उठून जावे. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तपासणीच्या सकाळी ती घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

काही जण तक्रार करतात की ‘रात्री दोन घासच खाल्ले, तरी सकाळी साखर जास्त. प्रयोगशाळा चुकली!’ दर वेळी प्रयोगशाळा चुकत नाही. आपण झोपलेले असताना यकृत साठवणीतली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असते, नाहीतर मेंदू उपाशी मरेल. पहाटे शरीरातली काही संप्रेरके वाढतात आणि यकृत जास्त साखर सोडते. निरोगी माणसाचे इन्सुलिन ती आवरते, मधुमेह्याचे आवरू शकत नाही. उपाशीपोटीचा आकडा रात्रीच्या जेवणाचा हिशेब देत नसतो. घरात कोणी आलेले नसताना शरीर आपला कारभार कसा चालवते, ते त्यावरून कळते.

रेषा कुठे आखल्या आहेत?

उपाशीपोटी ७० ते ९९ मिलिग्रॅम हा निरोगी टप्पा. मिलिमोलमध्ये ३.९ ते ५.५. १२६ किंवा त्याहून जास्त, म्हणजे ७.० मिलिमोल, असेल तर मधुमेह. मधल्या १०० ते १२५ या टप्प्याला पूर्वमधुमेह म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना हा मधला टप्पा ११० पासून धरते, म्हणून दोन प्रयोगशाळांच्या कागदांवर वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या दिसतील. गोंधळून जाऊ नये.

जुन्या मंडळींना १४० ही रेषा आठवत असेल. ती खरीच होती. १९९७ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने ती १२६ वर आणली आणि लवकरच जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केले. कारण त्या खालच्या आकड्यांपासूनच डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ लागते, असे दिसून आले होते. ‘आमच्या वेळी १३५ चालत होते’ असे आता म्हणून चालणार नाही.

दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवाव्या. एक, त्रास काही नसताना एकदाच १२८ आले म्हणून मधुमेहाचा शिक्का बसत नाही. तपासणी पुन्हा करून खात्री करतात. दोन, उपाशीपोटीची साखर ठीक असूनही जेवणानंतरची जास्त असू शकते. म्हणून पहिल्या घासापासून दोन तास मोजून दुसरे रक्त देतात. निरोगी माणसाची ती १४० च्या आत राहते. जेवण संपल्यापासून मोजू नये, सुरू केल्यापासून मोजावे.

आणि मधल्या टप्प्यातील माणसांनी निराश होऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख माणसे पूर्वमधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरून माघारी फिरता येते. रोजचे चालणे, थोडे उतरवलेले वजन, ताटात भात कमी आणि भाजी-डाळ जास्त, एवढ्यानेही पुष्कळांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो.

आकड्यावर किती विसंबावे?

आमच्या तरुणपणी लघवी तपासत. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून तापवायचे; हिरवा, पिवळा की विटकरी रंग येतो ते पाहायचे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याखेरीज लघवीत उतरत नाही. म्हणजे १५० असलेल्या माणसाला ‘साखर नाही’ असे उत्तर मिळे. आज रक्ताचा एक थेंब पुरतो ही मोठी सोय आहे. पण सोयीचीही शिस्त असते.

पहिली शिस्त हात धुण्याची. आंबा कापून, बोट न धुता सुई टोचली तर यंत्र आंब्याची साखर मोजते. साबणाने हात धुवावे, कोरडे करावे, मग टोचावे. दुसरी शिस्त पट्ट्यांची. त्या दमट हवेने खराब होतात. कोकणातल्या पावसाळ्यात डबी उघडी टाकू नये, मुदत उलटलेली पट्टी वापरू नये. तिसरी गोष्ट अशी की घरगुती यंत्र चांगले असले तरी शंभराच्या वर शेकडा १५ इतका फरक मानकांप्रमाणे चालतो. काल १३२, आज १४० आले तर वाढले असे समजून जेवण टाकू नये. दोन्ही एकच असू शकतात. मधुमेह आहे की नाही हे ठरवायला घरचे यंत्र वापरू नये, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

प्रयोगशाळेतही वेळेला महत्त्व असते. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या ग्लुकोज खात राहतात. रक्त तसेच ठेवले तर दर तासाला साखर शेकडा पाच-सात कमी होते. म्हणून साखरेसाठी रक्त फ्लोराइड घातलेल्या निराळ्या बाटलीत घेतात. गावातून घेतलेले रक्त तालुक्याला जायचे असेल तर किती वेळाने तपासणार, हे विचारण्यात संकोच करू नये.

रोजा आणि रक्ताची तपासणी

रमजानाविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण इथे ‘उपाशी’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. रोजा आहे म्हणून सकाळी नऊला रक्त दिले तर ते उपाशीपोटीचे नसते, कारण सहरी होऊन तीन-चार तासच झालेले असतात. आणि दुपारी दिलेले रक्त आठ तासांचे असले तरी ते नेहमीच्या सकाळच्या आकड्यांच्या रांगेत बसवू नये. दिवसाची हालचाल, बदललेल्या गोळ्यांच्या वेळा, सगळेच निराळे असते. कागदावर ‘रोज्यात, सहरीनंतर इतक्या तासांनी’ असे लिहावे.

मधुमेह्याने रोजे ठेवावे की नाही हे डॉक्टरांशी महिना-दीड महिना आधी बोलून ठरवावे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. तेव्हा त्या कारणासाठी तपासणी टाळू नये. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शिकेत, जी २०२१ साली सुधारून निघाली, स्पष्ट सांगितले आहे की साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजे ३.९ मिलिमोलच्या खाली गेली, किंवा ३०० च्या वर, म्हणजे सुमारे १६.७ च्या वर गेली, तर रोजा सोडावा. हात कापू लागले, दरदरून घाम आला, बोलणे अडखळू लागले तर मगरिबच्या अजानची वाट पाहू नये. तपासून साखर उतरलेली दिसली, किंवा तपासण्याची सोय नसली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट इस्पितळात न्यावे. आजाऱ्याला सवलत कुराणानेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

मुलांकडे एक मागणे

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. घरात अब्बा, अम्मी, नाना, नानी यांपैकी कोणाला मधुमेह असेल तर एक साधी शंभर पानी वही घ्या. तिच्यात पाच रकाने आखा. पहिला तारीख आणि वेळ. दुसरा, शेवटचा घास केव्हा घेतला. तिसरा आकडा. चौथा एकक. पाचवा, कुठे तपासले, घरी की प्रयोगशाळेत. डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. आपल्या शाळेत शिकलेला मुलगा वा मुलगी घरात असताना चौथा रकाना रिकामा राहता कामा नये. ज्या आयांना शाळेत जायला मिळाले नाही, त्यांच्या मुलींनी हे काम अंगावर घ्यावे. शिक्षणाचा उपयोग काय असे कोणी विचारले तर ही वही पुढे करा.

भाईजान कायमचे परत आले तेव्हा त्यांनीही अशी वही ठेवली. २०११ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ती चालू होती. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने अठराचा पाढा लिहून ठेवला होता. पुढे प्रत्येक आकड्यासमोर ‘मि.ग्रॅ.’ किंवा ‘मि.मो.’ लिहिलेले आहे, एकदाही चुकलेले नाही. मध्येच एका पानावर नुसता ‘१३८’ आहे. त्याच्यापुढे त्यांनी कंसात लिहिले आहे, ‘मास्तर, अर्धा गुण कापा’, आणि मग खाली एकक लिहिले आहे.

ती वही माझ्याकडे आहे. आज मी ती येताना बरोबर आणली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने कार्यक्रमानंतर माझ्याकडे यावे.